नायककाकांच्या फोनवरचा आकडा

आमच्या घरात पटकन विश्वास ठेवायची पद्धत नाही. बा मिठाची पुडी आणली तरी उलटीसुलटी करून पाहतो, कुठं टोचलेली तर नाही. कपाशीच्या बियाण्याची पिशवी घेताना तर तो पिशवीकडे बघतच नाही, दुकानदाराच्या तोंडाकडे बघतो. "पिशवी कायले खोटं बोलन? बोलते तो मानूस," असं त्याचं म्हणणं. मी त्याचीच लेक. आज औषधाच्या काउंटरवर उभी असते आणि प्रत्येक पट्टीवरची तारीख दोनदा वाचते. मागची माणसं कुरकुरतात, कुरकुरू देत. पण ह्या स्वभावापायी माझ्या हातून एकदा जे झालं ते अजून टोचतं, म्हणून सांगायला बसले.

आमचा बंजाऱ्यांचा तांडा बाभुळगाव तालुक्यातला. घरात गोर बोली, बसमध्ये वऱ्हाडी आणि वहीत शाळेची मराठी, अशा तीन जिभा घेऊन मी वाढले. पाचवीपासून वसतिगृहात होते. तिथल्या पोरी माझ्या बोलण्याला हसायच्या, म्हणून मी गोर बोली सोडूनच दिली. सुट्टीत घरी गेले की याडी, म्हणजे माझी आई, तिच्या बोलीत विचारायची आणि मी मराठीत उत्तर द्यायचे. तिला वाईट वाटत असणार. तेव्हा माझ्या ते ध्यानातही आलं नाही.

बारावीनंतर यवतमाळला फार्मसीला नंबर लागला. यादीत नाव आलं तर बा खूश व्हायचं सोडून म्हणतो, "इतक्या लोकाईत तुलेच काहून घेतलं?" घ्या! दोन दिवस तो त्या यादीचा कागद खिशात घेऊन फिरला आणि दिसेल त्याला विचारत राहिला, हे खरं असते का बावा. मग मला समोर बसवून सांगितलं. आपल्या प्रवर्गाच्या पोरींची फी सरकार भरते म्हणतात. ते खरं निघालं तर शिक. खोटं निघालं तर घरी ये, आपल्याच्यानं पूर्ण फी होत नाही. रागानं नाही बोलला, पाऊस किती झाला ते सांगावं तसं सांगितलं. म्हणजे माझं सगळं त्या एका फॉर्मवर आलं. तो भरला गेला तर कॉलेज, नाही तर कंबरेला ओटी बांधून कापूस वेचायचा.

शिष्यवृत्ती शोधायला निघाले तर जो तो मदतीला धावला, आणि तिथंच माझं डोकं फिरलं. मोबाईलवर रोज नवा निरोप. मुलींना अमुक मिळणार, तमुक मिळणार, खालच्या निळ्या अक्षरांवर बोट ठेवा. एकात तर 'आपली निवड झाली आहे' असं लिहिलेलं. अर्जच केला नव्हता मी, निवड कशी झाली बाप्पा? बसस्टँडच्या भिंतीवर कागद चिकटवलेला होता, शंभर टक्के शिष्यवृत्ती, मात्र नोंदणीचे पैसे आधी. ज्याला द्यायचंय तो आधी घेईल कशाला? माझ्या खोलीतल्या मुलीनं ते भरले आणि दुसऱ्या दिवशीपासून तो फोन बंद. ती रडत बसली, आणि मी तिच्या पाठीवर हात ठेवायचा सोडून म्हणाले, "मी सांगितलं होतं." चांगली नाही वागले. पण तेव्हापासून ठरवलं, कोणी गोड बोललं की आपण दोन पावलं मागं सरायचं.

खरी शिष्यवृत्ती कळली ती कॉलेजच्या खिडकीवर. आतले बाबू चष्म्याच्या वरून बघत म्हणाले, "सरकारी पोर्टलवर फॉर्म भरा, प्रिंट काढा, कागदं जोडा आन् शनिवारी एक वाजेपर्यंत अथी जमा करा. नाही केली तं पूर्ण फी लागन."

"सर, आज बुधवार आहे."

"मंग मी काय करू? नोटीस कवाची लागून राह्यली."

जाऊन पाहिलं तर नोटीस खरंच लागली होती, क्रिकेटच्या नोटिशीच्या खाली. मला वाटलं ह्यांनीच मुद्दाम झाकली, म्हणजे आपण घाबरून काहीतरी हातावर ठेवू. त्या माणसानं चहाचा कपसुद्धा कधी मागितला नाही कोणाला, हे मला पुढं कळलं. त्या दिवशी मात्र मी त्याच्या खिशाकडे बघूनच परतले.

गुरुवारी सकाळी बसस्टँडसमोरच्या नेट कॅफेत गेले. कॅफेवाला चाळिशीचा, बोलायला गूळ. त्याच्याजवळ एक लांबट रजिस्टर होतं, त्यात तो येणाऱ्या प्रत्येक पोराचा पासवर्ड लिहून ठेवायचा. "तुम्ही लोकं विसरता, मंग माह्यापाशीच येता ना, मॅडम." मी म्हणाले, माझा लिहायचा नाही. त्याला खुर्चीवरून उठवलं, स्वतः बसले आणि हाताचा आडोसा करून टाइप केलं. मागं रांगेत पोरं बोंबलायला लागली. कॅफेवाला हसला, "तुमची मर्जी." हसणं मला अजिबात आवडलं नाही.

मग आधार नंबर टाकला. "आता तुमच्या मोबाईलवर ओटीपी येईन," तो म्हणाला. मी फोन हातात धरून बसले. काही आलं नाही. स्क्रीनवर, ज्या मोबाईलवर ओटीपी पाठवला त्याचे शेवटचे दोन आकडे दिसत होते. ते माझे नव्हतेच.

"हा नंबर तुमचा आहे का?" मी त्यालाच विचारलं.

"ओ मॅडम! मी काहून टाकू माहा नंबर? आधार काढतानी घरच्याईनं कोनाचा देल्ला होता ते इचारा अगोदर." बिचारा लाल झाला. पण माझ्या मते चोर पकडला की लालच होतो.

घरी फोन लावला. याडीला माहीत नव्हतं. बानं तिच्या हातातून फोन घेतला, ते दोन आकडे ऐकले आणि कोरडं हसला. "हा तं नायकाचा."

इथं तांड्याची रीत सांगावी लागते. बाहेरचं कोणतंही काम आलं, पोलीस आले, मत मागणारे आले, डोस पाजणारे आले, तर ते आधी तांड्याच्या नायकाच्या दारात जातं. नायक म्हणजे तांड्याचा वडीलधारा, घराण्यानं चालत आलेला. मी लहान असताना आधारवाले आले, तेही त्याच्याच अंगणात टेबल मांडून बसले. त्यांनी विचारलं, मोबाईल नंबर? फोन होता तो एकट्या नायककाकांकडे. मग सगळ्या तांड्यानं, म्हाताऱ्यांपासून पाळण्यातल्या लेकरापर्यंत, तोच नंबर सांगितला. त्यात काही चुकतं आहे असं कोणाच्या मनातही आलं नाही. सरकारचं काही आलं तर नायकाकडेच यायचं ना? आता अख्ख्या तांड्याचे ओटीपी त्या एका म्हाताऱ्याच्या बंडीतल्या, बटणांच्या फोनवर येत होते. तांड्यात त्याला ओटीपी म्हणतच नाहीत, 'आकडा' म्हणतात. आकडा आला का, आकडा गेला का.

आणि ह्याच नायकाशी बाचं पाच वर्षं बोलणं नव्हतं. बांधावरची एक बाभूळ बानं तोडली होती. शेजाऱ्यानं तक्रार नेली, बैठक बसली आणि नायककाका सगळ्यांसमोर म्हणाले, चूक तुझी. तेव्हापासून बानं त्यांच्या घरचं पाणी प्यायलं नव्हतं. "पाह्य मागून," बा फोनवर म्हणाला, "माह्या पोरीले देते का तो. आन् आयक, फॉर्मच्या दिवसाईत तो सकाळपासून टाकीवर बसून राह्यते फोन घेऊन. काहून बसत असन? कोनाचं काय येते, काय जाते, सगळं पाह्याले."

आमच्या तांड्यात पाण्याच्या टाकीच्या ओट्यावरच नेटवर्क भरवशाचं धरतं, बाकीकडे लागला तर लागला, नाहीतर फोन म्हणजे नुसती डबी. बाचं बोलणं मला एकदम पटलं. लोकांचे निरोप वाचायला बसतो म्हातारा!

नंबर बदलायचा तर आधार केंद्रात अर्ज करून वाट बघावी लागणार होती, आणि शनिवार परवावर आलेला. म्हणून याडीकडून पूर्ण नंबर घेऊन नायककाकांना फोन लावला. घंटी वाजते आहे तोवर कॅफेवाल्यानं ओटीपी पुन्हा पाठवला आणि, माझी चूक ती इथंच झाली, मी फोन त्याला घेऊ दिला, घाईत तोच बोलायला लागला. "हॅलो काका, तुमच्या मोबाईलवर ओटीपी आला असन, जल्दी सांगा, टाइम कमी हाये."

 मी फोन ओढून घेतला आणि मराठीत सांगितलं की मी अमक्याची मुलगी, शिष्यवृत्तीचा फॉर्म भरते आहे.

"तू कूण छी?" पलीकडून आलं. तू कोण आहेस. मी पुन्हा सांगितलं, मराठीतच.

मग त्यांनी गोर बोलीत एकेक विचारायला सुरुवात केली. गोत कोणतं? सांगितलं. पाडा कोणता? पाडा म्हणजे गोताची फांदी, आमच्यात अनोळखी माणूस भेटला की नावाच्या आधी हे विचारतात. तेही कसंबसं सांगितलं. मग, याडीचं गोत? तिचा पाडा? तिच्या बापाचा तांडा कोणता, तिथला नायक कोण?

मला माहीत नव्हतं. खरं सांगते, मला एवढंच माहीत होतं की मामाचं गाव कळंबच्या पलीकडे आहे आणि तिकडे जाताना याडी चिंतामणीच्या देवळाकडे बघून बसमधूनच हात जोडते. स्क्रीनवर ओटीपीची दहा मिनिटं उलटी चालली होती. मी ओरडले, "काका, हे सगळं कशाला पाहिजे? आकडा सांगा ना!"

फोन कट. परत लावला. बंद.

शुक्रवारी दिवसभर बंद. मी वीस वेळा लावला असेल. तोवर माझी पक्की खात्री झाली होती की म्हातारा बाभळीचा सूड उगवतो आहे. गोत विचारतो, पाडा विचारतो, वेळ काढतो! लग्न जुळवायला बसलाय का? खोलीतल्या त्याच मुलीपुढे मी काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. ती बिचारी ऐकत होती. एकदा म्हणाली, "तुझा विश्वास बसतो असं एक माणूस सांग ना." मी रागानं उठून गेले. आणि मग गॅलरीत उभी राहून रडले, कारण मला कापूस वेचायला जायचं नव्हतं. मला शिकायचं होतं. हे इतकं साधं होतं, आणि ते एका म्हाताऱ्याच्या बंडीच्या खिशात अडकलं होतं.

संध्याकाळी याडीला फोन केला. काय झालं ते सगळं ऐकून घेतलं तिनं. मग म्हणाली, "तुले माहा पाडा मालूम नाही?"

 तिनं हळूहळू सांगितलं. तिचं गोत, तिचा पाडा, तिच्या बापाचं नाव, आजाचं नाव, तांडा, तिथला नायक, तो आमच्या नायककाकांचा कोण लागतो ते. मी उत्पन्नाच्या दाखल्याच्या झेरॉक्समागं लिहून घेतलं. पोरगी फार्मसीला चालली आणि आईचं कूळ झेरॉक्समागं लिहून घेते! लाजच वाटली. शेवटी ती म्हणाली, "मी जातो त्याच्या घरी."

"आणि बा?"

"बा ओसरीवर बसून हाये. बसू दे त्याले."

शनिवारी मी कॅफे उघडायच्या वेळेला पोचले, तर पायरीवर नायककाका बसलेले. लाल फेटा, धोतर, आणि बंडीच्या आतल्या खिशात फोन, त्याला दोरी बांधून ती गळ्यात घातलेली. पहिल्या गाडीनं आले होते. मला बघून उठले नाहीत, हसले नाहीत. गोर बोलीत एवढंच म्हणाले, "हं. सांग आता."

भर रस्त्यावर, ऑटोवाल्यांच्या हॉर्नमध्ये, मी सांगायला लागले. आमच्या बोलीत. किती वर्षांनी बोलत होते, जीभ अडखळत होती. बापाकडचं धडाधड झालं. याडीच्या पाड्यापाशी अडकले. झेरॉक्स पिशवीत होती, पण ती काढायची हिंमत झाली नाही. ते थांबले. सुचवलं नाही, नुसते थांबले. मग आठवलं आणि मी शेवटपर्यंत म्हणून टाकलं.

"आता कसं," ते म्हणाले. "परवा कोन्या मानसानं आकडा मांगला. मराठीत बोलला, जल्दी जल्दी म्हने. बँकेवाल्यानं मले सांगून ठेवलं हाये, जो जल्दी म्हनते तोच चोर. मंग तू बोलली, तूबी मराठीत. आवाज पोरीचा, पन आवाज तं आता मशीनबी काढते म्हनते. मशीनले तुया याडीचा पाडा थोडीच मालूम असन? म्हनून इचारलं. तुले नाही आला सांगता, म्हून म्या फोनच बंद करून टाकला. पुऱ्या तांड्याचे आकडे हायेत त्याच्यात."

 मला तरी कुठं सांगता आला होता.

आत गेलो. कॅफेवाल्यानं खुर्ची पुढं केली, काका बसले नाहीत, माझ्या पाठीमागं उभे राहिले. आधार टाकला, आणि त्यांच्या छातीपाशी फोन वाजला. कॅफेवाल्यानं सवयीनं हात पुढं केला, "द्या काका, मी पाह्यतो." काकांनी फोन दोन्ही हातांनी छातीला धरला. "हात मांगं." मग माझ्या कानाशी वाकून एकेक आकडा सांगितला, इतक्या हळू की मलाच दोनदा विचारावा लागला. त्यांना अक्षरं येत नव्हती, आकडे येत होते. पहिला ओटीपी चुकला, मीच घाईत मागंपुढं टाकला. दुसरा बसला. मग पोर्टलवर ते गोल फिरायला लागलं, फिरतच राहिलं. घड्याळात बारा वाजले. कॅफेवाला म्हणाला, सर्व्हर स्लो हाये. काकांनी मला बोलीत विचारलं, "हाच तं नाही ना स्लो करून राह्यला?" मला हसू आलं, कारण माझ्याही मनात नेमकं तेच होतं.

प्रिंट निघाली तेव्हा साडेबारा होऊन गेले होते. ऑटो केली. खिडकीवर काका माझ्या मागं उभे. बाबूंनी कागद घेतले, पोचपावतीवर शिक्का मारला. "शिक्का पुरा उमटला का?" काका मागून. मी पावती दाखवली. ती त्यांनी उजेडात धरून पाहिली, जसा बा बघतो तशीच. मग विचारलं, "ह्या कागदाईत माहं नाव, अंगठा, कुठी आला नाही ना?" नाही म्हटल्यावर निवांत झाले.

मी चहा विचारला. घेतला त्यांनी, बशीत ओतून. स्टँडवर बाभुळगावची गाडी लागली होती. चढताना म्हणाले, "तुया बाले सांगू नको मी आलतो म्हून. तो म्हनन, नायकाचा काही मतलब असन."

गाडी निघून गेली आणि मी तिथंच उभी राहून विचार करायला लागले, मतलब काय असेल? तुम्हाला खोटं वाटेल, पण असंच झालं. पाच वर्षं आमच्याशी न बोललेला माणूस दिवस मोडून, स्वतःचं तिकीट काढून येतो. कोण येतं असं? निवडणूक जवळ आली असेल. नाहीतर शिष्यवृत्ती जमा झाली की निरोप त्याच्याच फोनवर जाणार, मग तांडाभर सांगत सुटेल, मी केलं, मी केलं. बा जे म्हणाला असता ते सगळं माझं मनातल्या मनात म्हणून झालं. सोमवारी कॉलेज बुडवून आधार केंद्रात रांग धरली आणि नंबर बदलून माझा टाकला. याडीलाही सांगितलं नाही. मला तर मोठी हुशारी केल्यासारखं वाटलं.

शिष्यवृत्ती मंजूर झाली. निरोप माझ्या फोनवर आला. बाला सांगितलं तर तो म्हणाला, "पुढच्या वर्षी देतीन तवा खरं." पण त्या सुट्टीत त्यानं मला कापसात पाठवलं नाही, म्हणाला, तू वाच.

दुसऱ्या वर्षी फॉर्म पुन्हा भरायचा होता. ह्या खेपेला मी पहिल्याच आठवड्यात, वसतिगृहातल्या मुलीच्या लॅपटॉपवर, स्वतःच बसून भरला. ओटीपी माझ्या फोनवर टिंग करून आला. पाव तासात काम. कोणाचे पाय धरणं नाही, कोणाला कूळ सांगणं नाही.

पंधरा-वीस दिवस गेले असतील. दुपारी फोन आला. "मी नायक बोलतो."

"बोला ना काका."

"छोरी, तुहा आकडा नाही आला यंदा. सगळ्या पोराईचे येऊन गेले, तुहाच राह्यला. आठ रोज झाले, मी जेवाले तेवढा घरी जातो, बाकी टाकीवरच बसून हावो. म्हनलं आपुन घरी असलो आन् आकडा येऊन गेला तं? तुहा फॉर्म राह्यला तं नाही?"

 त्याच क्षणी सांगायचं होतं. नाही सांगता आलं. "उद्या भरते, काका," म्हणाले.

"किती वाजता? तसा बसतो."

आणि मी, काय म्हणावं मला, वेळ दिली. "अकरा वाजता."

दुसऱ्या दिवशी अकराला मी प्रॅक्टिकलला होते. समोर परीक्षानळी, आणि डोळ्यांसमोर टाकीचा तो ओटा, उघडा, सावलीचं नाव नाही. सव्वाअकरा झाले. वीस मिनिटं झाली. फोन थरथरला. बाहेर जाऊन उचलला.

"नाही आला बाई," काका म्हणाले. "तू टाकला ना बरोबर? मंग थो कॅफेवाला पाह्य. मले थो पहिल्यापासूनच बरोबर नाही वाटत. त्यानंच काही केलं असन."

साऱ्या दुनियेवर संशय घेणारा माणूस. बँकेवर, मशीनवर, कॅफेवाल्यावर, माझ्या आवाजावरसुद्धा. आणि आता जिच्यावर घ्यायचा ती मी होते, तर तिच्यावर त्याला येतच नव्हता. कारण मी त्याला याडीचा पाडा सांगितला होता.

मी प्रॅक्टिकल अर्धं टाकून दुपारची बाभुळगाव गाडी धरली. पुढं ऑटो, मग पायी. काका टाकीच्या ओट्यावरच होते. फेटा सोडून डोक्यावर पसरलेला, फोन मांडीवर. मी समोर उभी राहिले आणि आमच्या बोलीत सगळं सांगितलं. फॉर्म कधीच भरला. नंबर माझा आहे. आकडा आता तुमच्याकडे येणार नाही.

त्यांनी फोनकडे पाहिलं. "कवा बदलला?"

"मागच्या साली. तुम्ही येऊन गेलते, त्याच्या तिसऱ्या दिवशी."

 मला वाटलं आता ओरडतील, बाचं काढतील, बाभळीचं काढतील. काढलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी फेटा गुंडाळला, दोरी गळ्यात घातली, फोन बंडीत ठेवला आणि ओट्यावरून हाताचा टेका देत खाली उतरले.

"बरं केलं," ते म्हणाले. "आता तो आकडा कोनाले सांगत नको जाऊ. मलेबी नाही."